झाडाला बांधलेला तिरंदाज

वाल्मिककाकांनी एकाच पत्राला उत्तर दिलं नाही, आणि नेमकं तेच पत्र उत्तर देण्याच्या लायकीचं होतं. बाकी ज्यांना ज्यांना त्यांनी उत्तरं दिली ती सगळी बिनडोक माणसं होती, असं त्यांचं ठाम मत होतं. ठाम म्हणजे कागदावर ठाम. तोंडाने त्यांचं कुठलंच मत ठाम नसायचं. वाण्याने तांदूळ कुठला देऊ म्हणून विचारलं तरी ते मागे वळून बघायचे, आपल्या वतीने कोणी बोलतंय का.

ते पत्र धसईच्या पुढच्या करंजपाड्यावरून आलं होतं, निळ्या आंतर्देशीयावर. काकांनी ते घरातल्या जाड शब्दकोशात ठेवलं आणि त्या दिवसापासून शब्द अडला तरी कोश उघडायचं बंद केलं. वाचनावर जगणाऱ्या माणसाने एका पत्रापायी शब्दकोश वाळीत टाकावा, यावरून त्या माणसाची योग्यता ओळखावी. काकांनी तरी ओळखली होती.

सगळ्याची सुरुवात पुतण्याने केली. तानसा धरणाच्या कचेरीत जन्मभर कारकुनी करून काका शहापूरला घरी बसले, ते नव्व्याण्णव साल. पुतण्या आदेश वाशिंदला नव्या वसाहतीत राहायचा आणि मुंबईला नोकरीला जायचा. त्याला ऑफिसातल्या कोणीतरी एका परदेशी खेळाच्या नियमांची झेरॉक्स दिली होती. ती त्याला धड वाचता येईना, म्हणून घेऊन आला काकांकडे.

खेळ असा होता. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं. एकाने सगळा डाव चालवायचा. तो सांगणार की तुम्ही पडक्या किल्ल्याच्या दारात उभे आहात आणि आत कोणीतरी घोरतंय. बाकीच्यांनी आपापलं एक पात्र घ्यायचं, कोणी जादूगार, कोणी तिरंदाज, कोणी चोर, आणि आपण आता काय करतो ते सांगायचं. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवणार. यात जिंकणं नाही, हरणं नाही आणि संपणंही नाही. लग्नाला आलेली, पगारदार पोरं रविवारी असलं काही करत असतील तर देशाचं कठीण आहे, असं काकांना वाटलं. मग त्यांनी ती झेरॉक्स उघडली आणि पावसाळा संपेपर्यंत दुसरं काही वाचलं नाही.

त्यांनी सगळे नियम मराठीत आणले. डाव चालवणाऱ्याला त्यांनी सूत्रधार केलं. पात्राच्या अंगात किती जीव उरला आहे त्याच्या आकड्याला त्यांनी 'जीवबळ' असा शब्द घडवला. तो त्यांना इतका आवडला की आज माझं जीवबळ कमी आहे, असं ते घरात सांगू लागले. गिरजाकाकू म्हणायच्या की चक्कीवर दळण टाकून या, आपोआप वाढेल.

वाशिंदच्या त्या टोळक्याचा म्होरक्या ओमकार नावाचा मुलगा होता. एखादी गोष्ट परदेशी असल्याशिवाय त्याला खरी वाटत नसे, आणि परदेशी असली की ती फक्त त्यालाच कळली आहे असं वाटे. त्याने खेळणाऱ्यांसाठी झेरॉक्सचं एक चारपानी मासिक काढलं. कल्याणपासून कसाऱ्यापर्यंत जिथे जिथे असे रिकामटेकडे होते तिथे ते जायचं. त्यात 'नेहमीच्या शंका' असं सदर होतं आणि त्याची उत्तरं द्यायला ओमकारने काकांना बसवलं. काकांनी नाव घेतलं 'गुहेतला म्हातारा'. स्वतःच्या नावाने एक ओळ छापायची त्यांची हिंमत नव्हती.

पण गुहेत शिरल्यावर हा माणूस वाघ झाला. जन्मभर साहेबांपुढे, सोयऱ्यांपुढे, बसच्या कंडक्टरपुढे जे गिळलं होतं ते सगळं त्या सदरात बाहेर पडू लागलं. एकाने विचारलं होतं, माझा जादूगार फार हुशार आहे पण मी नाही, मग कोडं सोडवायचं कोणी? म्हाताऱ्याने लिहिलं, जादूगाराने. तुम्ही तोवर ताटं पुसा. दुसऱ्याने विचारलं, पात्राच्या आवाजात बोलणं सक्तीचं आहे का? म्हाताऱ्याने लिहिलं, तुमच्या स्वतःच्या आवाजात ऐकण्यासारखं काही असेल तर नाही. कल्याणच्या एका गटाची तक्रार होती की आमच्यातला एक जण दिसेल त्याला मारत सुटतो. आधी राजाला मारलं, मग पुजाऱ्याला, आणि परवा मिठाईवाल्याला. म्हाताऱ्याचं उत्तर होतं की मिठाईवाल्याची पाळी येईपर्यंत गप्प बसलात, आता भोगा. सूत्रधाराने आडोशाला फासा टाकून खोटा आकडा सांगितला तर चालतं का, हा प्रश्न तर दर अंकाला ठेवलेला. त्यावर म्हातारा दर वेळी वेगळा अपमान करायचा, आणि लोक पुढच्या अपमानासाठी तोच प्रश्न पुन्हा धाडायचे.

सर्वात जास्त पत्रं मात्र एकाच गोष्टीबद्दल यायची. खेळाडू आला नाही तर त्याच्या पात्राचं काय करायचं? कोणाची मावशी यायची, कोणाची सेकंड शिफ्ट असायची, आणि तिकडे राक्षस दारात उभा. प्रामाणिक उत्तर होतं की तुमचं तुम्ही बघा. पण त्या दिवशी काकांचा गुडघा दुखत होता. त्यांनी लिहिलं, 'गैरहजर खेळाडूच्या पात्राला जवळच्या झाडाला बांधा आणि पुढे चला. खेळाडू उगवला की सोडा.'

हे उत्तर भलतंच गाजलं. वाशिंदला कोणी रविवारी उशिरा आला की बाकीचे दोरी आणा म्हणून ओरडायचे. काका वरवर संकोचायचे आणि आतून फुगायचे. आपल्याला विनोद करता येतो हा शोध साठीला लागला की माणूस थोडा बिघडतोच.

त्यानंतर ते पत्र आलं.

मासिकाची सगळी पत्रं आदेशच्या पत्त्यावर यायची आणि रविवारी सगळ्यांसमोर फोडली जायची. करंजपाड्याचं नाव कोणालाच माहीत नव्हतं. मग आदेशला आठवलं की लडकू म्हणून एक पोरगा वाशिंदच्या कंपनीत हेल्पर होता, कधीमधी मागे बसून खेळ बघायचा आणि गावाला जाताना नियमांची एक प्रत आणि मासिकाचे अंक मागून घेऊन गेला होता. ओमकारने पत्र उघडलं आणि मोठ्याने वाचलं.

'आदरणीय गुहेतले म्हातारे बाबा यांस, करंजपाड्याची सूत्रधार योगिनी हिचा नमस्कार. आमच्याकडे फासा नाय म्हणून आमी आकडे लिहिलेले चिंचोके डब्यातून काढतो, ते चालत असेल असं धरतो. सवाल असा की आमच्यातला राघो वीटभट्टीवर गेला तेव्हा तुमच्या आज्ञेप्रमाणे त्याच्या तांबड्या तिरंदाजाला आमी पुलाजवळच्या उंबराला बांधला. राघो परत आला नाय. तिकडेच तापाने वारला. आता तांबड्याला कोणी सोडवायचं? आमच्याकडे बोहाड्यात सोंग घराचं असतं. दुसऱ्या घरचा त्याला हात लावत नाय. राघोच्या घरात आता त्याची आई धोंडीबाई आणि बहीण मैना. मैना म्हणते मी सोडवते आणि मीच चालवते. बाकीचे म्हणतात बाईमाणूस सोंग घेत नाय. खूप भांडण झालं. शेवटी ठरलं की तुमी लिहाल ते सगळ्यांना कबूल. आमी थांबलो आहो.'

बोहाडा म्हणजे काय हे वाशिंदच्या अर्ध्या पोरांना ठाऊक नव्हतं. काकांनी हळू आवाजात सांगितलं की डोंगराकडच्या गावांत चैत्र-वैशाखात देव-दैत्यांचे लाकडी मुखवटे चढवून नाचतात. कुठल्या घराने कुठलं सोंग घ्यायचं ते आज्या-पणज्यापासून ठरलेलं असतं, आणि नाचणारे सगळे पुरुषच. करंजपाड्याच्या पोरांनी या खेळातलं पात्रही तसंच धरलेलं दिसतंय.

"काका, हे फुल पेज छापायचं," ओमकार म्हणाला. हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "खरोखर बांधला! आणि भाकर देतात का विचारा त्याला."

सगळे हसले. काकाही हसले. थोडंच, पण हसले. आणि हे हसू पुढे कितीतरी वर्षं त्यांच्या तोंडाला चिकटून राहिलं. माणूस मेला आहे, असं कोणीतरी म्हणायला हवं होतं. काकांच्या ते ओठावर आलं होतं. पण टेबलाभोवती एवढी हुशार पोरं हसत असताना आपणच काहीतरी चुकीचं समजलो असू, असं त्यांना वाटलं. त्यांनी उत्तर लिहितो म्हणून पत्र घडी घालून खिशात टाकलं. त्यामुळे ते छापलं तरी गेलं नाही. त्या दिवसात काकांनी केलेली मर्दुमकी एवढीच.

घरी आल्यावर पेन हातात घेतलं आणि काहीच सुचेना. थट्टेने लिहावं तर समोर मेलेला पोरगा. गंभीरपणे लिहावं तर आपण कोण, शंकराचार्य? आपली आज्ञा, असं ती मुलगी म्हणत होती. काकांनी आयुष्यात कोणाला आज्ञा केली नव्हती. घरातलं मांजरसुद्धा ते विनंती करून उठवायचे. पुढच्या रविवारी लिहू असं करत पुढचा अंक गेला, त्याच्या पुढचाही गेला, आणि मग इतका उशीर झाला की आता लिहिणंच हास्यास्पद वाटू लागलं. लाजाळू माणसाला हा हिशेब चांगला कळतो. उशीर जितका वाढतो तितकं उत्तर मोठं व्हावं लागतं, आणि जितकं मोठं तितकं ते लिहून होत नाही.

वर्षा-दोन वर्षांत मासिकही बंद पडलं. ओमकारने कॉम्प्युटर घेतला. सगळ्या शंकांची उत्तरं हजारो परदेशी माणसांनी आधीच देऊन ठेवली आहेत, असा त्याला शोध लागला, आणि मग शहापूरचा एक रिटायर कारकून त्याच्या डोळ्यांसमोरून पुसला गेला. जाताना तो एवढं म्हणाला की काका, तुमच्या वेळी तेवढं ठीक होतं. काका बरं म्हणाले. बरं हा शब्द त्यांना फार सवयीचा होता.

दोन हजार सहाच्या फाल्गुनात काकूंच्या माहेरच्या नात्यात धसईला साखरपुडा होता. तो उरकून दोघं मुरबाडच्या बससाठी बाजारात थांबले होते. काकू भाजीवाल्यांशी घासाघीस करायला गेल्या आणि काका चहाच्या टपरीच्या बाकावर बसले. शेजारच्या बाकावर दोघं बसले होते. एक पोरसवदा होता. दुसरा पस्तिशीचा, खांद्यावर टॉवेल, हातात टमटमची किल्ली.

"तुझं जीवबळ किती उरलं रे?" किल्लीवाल्याने विचारलं.

"तीन. पुढच्या बसणीला मी मरतो बघ."

काकांचा कप ओठाजवळ थांबला. तो शब्द त्यांनी स्वतः, शहापूरच्या घरात, खिडकीशी बसून घडवला होता. तो कुठल्या कोशात नव्हता. आणि इथे धसईच्या बाजारात एक माणूस चहात खारी बुडवता बुडवता तो वापरत होता, जसा काही तो नांगर-कुळवासारखा आधीपासूनच इथे होता.

काका अनोळखी माणसाशी आपणहून बोलले, असं त्यापूर्वी कधी घडलं नव्हतं. पुतण्याकडे असला एक खेळ पाहिला होता, असं ते चाचरत म्हणाले. किल्लीवाला एकदम खुलला. तो लडकू होता. वाशिंदची कंपनी बंद पडल्यापासून गावी येऊन टमटम चालवत होता. करंजपाड्यावर खेळ अजून चालतो, त्याने सांगितलं. अमावास्येला कामाला सुट्टी, त्या दिवशी बसणी. सूत्रधार योगिनीच. तिचं सासर-माहेर एकाच पाड्यावर, त्यामुळे खंड पडला नाही.

तुमचा तो तिरंदाज, असं काकांच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी घाईने सावरलं की पुतण्या काहीतरी सांगत होता, झाडाला बांधल्याचं.

"अजून बांधलेलाच हाय," लडकू म्हणाला. "पुलाच्या पल्याड जायचं तर त्याला तिथेच मागे टाकून जावं लागेल. मग राघोला सोडून गेल्यासारखंच ना? म्हणून आमी उंबराभोवतीच खेळतो. विहीर खणली, घरं बांधली. राक्षस आला तर तिथेच येतो. आता बाजार भरतो तिथे, या धसईपेक्षा मोठा."

राघोची आई दर बसणीला येऊन बसते, तो सांगत होता. तिला खेळ कळत नाही. पण पहिल्यांदा योगिनी सांगते की तांबड्याला भाकर दिली, पाणी दिलं, मगच म्हातारी मान हलवते आणि मग चिंचोके बाहेर निघतात. बहीण मैनाही येते. नुसती बघते. दुसरं पात्र घे म्हटलं तर घेत नाही.

काकांनी विचारलं की मग इतक्या वर्षांत कोणाला काही विचारलं नाही का.

"विचारलं ना. तो गुहेतला म्हातारा होता एक, वाशिंदच्या कागदात लिहायचा. मोठा शहाणा. पोरांचे फालतू सवाल आले की फाडफाड बोलायचा. आमचा सवाल गेला आणि मुडद्याची वाचाच बसली."

"वारला असेल," काका म्हणाले.

"वारला असता तर बरं होतं, बाबा. मग आमचं आमी ठरवून मोकळे झालो असतो. जिता असेल, आज ना उद्या लिहील, या आशेवर तर सगळं अडलं." लडकूने कप खाली ठेवला. "आता तर टाइमच नाय उरला. वैशाखात मैनाचं लगीन. किन्हवलीला दिली. एकदा त्या घरची झाली म्हणजे या घरच्या सोंगाला हात कसा लावील? मग राहिली म्हातारी. ती काय धनुष्य घेऊन पुलावर धावणार?"

म्हातारा मीच, एवढं बोलायला किती वेळ लागतो. काकांनी तोंड उघडलं आणि बस आली. लडकूनेच त्यांची पिशवी उचलून वर दिली, खिडकीपाशी जागा बघून बसवलं आणि जपून जा म्हणाला. मुडद्याने त्याला धन्यवाद दिले.

बस सुटल्यावर काकूंनी पिशवी मांडीवर घेतली. भाजी घेऊन त्या केव्हाच टपरीमागे येऊन उभ्या होत्या, हे काकांना ठाऊक नव्हतं.

"अहो, तो मुडदा म्हणाला तुम्हाला."

"हं."

"चुकीचं काही बोलला नाही," काकू म्हणाल्या आणि पिशवीतले वाल निवडू लागल्या.

दुसऱ्या दिवशी काकांनी शब्दकोश उघडला. निळा कागद घडीवर फाटायला आला होता. समोर नवं आंतर्देशीय न घेता त्यांनी आधी कोरे कागद घेतले, कारण लिहायचं पुष्कळ होतं. पहिला खर्डा दोन्ही बाजूंनी भरला. आपण तेव्हा किती भ्याड होतो, ते उत्तर म्हणजे गुडघेदुखीच्या भरात केलेली थट्टा होती, ती कोणी खरी मानील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं, त्या रविवारी आपण कसे हसलो आणि मग किती तळमळलो, हे सगळं त्यांनी सुरेख लिहिलं. एका वाक्यावर त्यांचे डोळेही भरले. ते वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं, जरा सुधारलं, आणि पुन्हा डोळे भरतात का ते बघितलं.

भरले. तिथेच गुहेतला म्हातारा इतक्या वर्षांनी जागा झाला.

प्रश्न: माफीचं पत्र किती लांब असावं? उत्तर: लिहिणाऱ्याचं पोट भरेपर्यंत.

काका दचकले, पण म्हातारा थांबेना. हे पत्र धोंडीबाईला कोणीतरी वाचून दाखवणार. दर अमावास्येला जिच्या पोराला भाकर मिळते तिला तू कळवणार की ती थट्टा होती? म्हणजे तुझं मन हलकं होणार आणि त्यांच्या एवढ्या वर्षांच्या खेळाचा पोरखेळ होणार. ओमकारने एकदा केला, आता तू रीतसर सहीनिशी कर. आणि यात तांबड्याला सोडवायचं कोणी, ते कुठे लिहिलं आहेस? दोन पानांत तू आहेस, तुझा गुडघा आहे, तुझी तळमळ आहे. तिरंदाज कुठे आहे?

काकांनी खर्डा चुलीत घातला.

दुसऱ्या खर्ड्यात ते विद्वान झाले. बोहाड्याची परंपरा, सोंगाचा हक्क, स्त्रियांचं स्थान, असं त्यांनी पुस्तकं काढून लिहायला घेतलं. अर्ध्या पानावर त्यांना आठवलं की आपण उभ्या जन्मात एकच बोहाडा पाहिला, तोही लांबून, आणि डास फार म्हणून लवकर परतलो. ज्यांच्या घरात मुखवटे टांगलेले आहेत त्यांना हा शहापुरातून मुखवटे समजावणार. तो कागदही चुलीत गेला. काकूंनी आज भाताला वेगळं सरपण नको वाटतं, असं म्हटलं आणि वैशाख काही लांब नाही याचीही आठवण दिली.

मग काकांनी योगिनीचं पत्र पुन्हा वाचलं. त्या पोरांनी बोहाड्याबद्दल काही विचारलंच नव्हतं. ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी खेळाबद्दल विचारलं होतं, आणि त्या खेळात, करंजपाड्याच्या त्या खेळात, गुहेत खरोखर एक म्हातारा राहत होता. त्याने बांधायला सांगितलं म्हणून त्यांनी बांधलं. तो सोडायला सांगेल म्हणून ते थांबले. त्याला भित्रेपणा, गुडघा, पुतण्या, गिरजा यातलं काही नव्हतं. काका कसे होते याच्याशी त्या म्हाताऱ्याचं काही देणं-घेणं नव्हतं, आणि ही गोष्ट काकांना थोडी अपमानाची आणि बरीचशी सोयीची वाटली.

त्यांनी आंतर्देशीय उलगडलं आणि थेट त्यावरच लिहिलं.

'करंजपाड्याची सूत्रधार योगिनी हिस गुहेतल्या म्हाताऱ्याचा आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला. चूक गुहेची आहे, तुमची नाही. चिंचोके चालतात.

तांबड्याला बांधायची आज्ञा माझी होती, म्हणून सोडायचीही मीच देतो. त्याला मैनाने सोडवावं आणि पुढे तिनेच चालवावं. बोहाड्यात काय करायचं ते तुमचं गाव ठरवेल, त्यात मला गती नाही. पण या खेळात जे पात्र ज्या घरचं, त्या घरात जन्मलेल्या कोणालाही ते चालतं. मुलगा की मुलगी, असं नियमात कुठेही विचारलेलं नाही. मी शोधून पाहिलं. लग्न झालं म्हणून जन्माचं घर बदलत नाही, तेव्हा किन्हवलीहून आली तरी तांबड्या तिचाच. ती नसेल त्या दिवशी धोंडीबाईंनी त्याला आपल्याजवळ बसवून घ्यावं. झाडाला बांधू नये. तो नियम आजपासून रद्द.

गाठ सोडवताना चिंचोका काढायचा नाही. जमेल की नाही, असा तिथे प्रश्नच नाही.

ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी खुशाल उंबराखाली बसून राहावं. त्यांना भाकर द्यायची गरज नाही. बाकीच्यांनी पूल ओलांडावा.'

खाली त्यांनी 'गुहेतला म्हातारा' अशी सही केली. त्यांनी ते एकदा वाचलं. 'मी शोधून पाहिलं' हे खरं आहे का, अशी शंका आली. मग खरोखरच कपाटातून नियमांची जुनी प्रत काढून ते दुपारभर शोधत बसले. कुठेही विचारलेलं नव्हतं.

पत्र चिकटवताना मागची चौकट समोर आली. पाठवणाऱ्याचं नाव व पत्ता. तिथे गुहा लिहून चालणार नव्हतं. करंजपाड्यावर हे पत्र लडकूच्या हातात पडणार, तो उलटून बघणार, आणि धसईच्या टपरीवरचा चाचरत बोलणारा म्हातारा आठवून काय म्हणेल ते ऐकायला आपण तिथे नसू, एवढाच आधार होता. काकांनी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. शहापूर, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे. अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं, पण वाचता येण्यासारखं.

पोस्टाच्या पेटीशी संध्याकाळी कोणी नसतं म्हणून ते संध्याकाळी गेले. पत्र पेटीच्या तोंडात अर्धं सरकवलं आणि हात थांबला. सूत्रधार हिस की हीस? रद्द म्हणायचा आपल्याला अधिकार आहे का? लग्नाबद्दल जे लिहिलं ते तिच्या सासरी कळलं तर? इतक्यात मागे एक बाई राखीच्या पाकिटाएवढं जाड काहीतरी हातात घेऊन येऊन उभी राहिली. तिला घाई होती.

"बाबा, टाकताय की नुसतं दाखवताय पेटीला?"

काकांनी सवयीने मागे वळून बघितलं, आपल्या वतीने कोणी बोलतंय का. त्या बाईशिवाय तिथे कोणी नव्हतं, आणि ती काही त्यांच्या वतीने बोलणारी दिसत नव्हती.

"टाकतो," ते म्हणाले, आणि टाकलं.